काकांचा कर्सर

मी त्या ऑफिसात पहिल्यांदा काम बघायला गेले, त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कोपऱ्यातल्या कंप्युटरचा कर्सर आपोआप हलायला लागला. खुर्चीवर कुणी नव्हतं. माउसला कुणाचा हात लागलेला नव्हता. मी तोंडाशी नेलेला चहा खाली ठेवला. कर्सर डुलत डुलत गेला, नोटपॅड उघडलं आणि स्क्रीनवर एकेक अक्षर उमटायला लागलं, "नमस्कार. चहा झाला का?"

ऑफिसातल्या ताई कपाटात फायली लावत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं, "काका आले," म्हणाल्या, उभ्याउभ्याच कीबोर्ड ओढून उत्तर टाइप केलं, "नमस्कार काका, झाला," आणि पुन्हा फायलींकडे वळल्या. माझा चेहरा बघून त्यांना हसू आलं असावं. "रोज येतात हो," त्या म्हणाल्या. "घाबरू नका."

पंचवीस वर्षं मी एका सरकारी खात्यात नेटवर्क सांभाळलं. परक्या माणसाने आपल्या मशीनमध्ये शिरू नये, एवढ्याचसाठी मला पगार मिळत होता. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर नोएडातल्या घरात बसून करायचं काय, म्हणून मी या मराठी संस्थेच्या कार्यकारिणीत गेले. मला 'कंप्युटरचं बघणाऱ्या' असं पद मिळालं. हे पद घटनेत नव्हतं, त्यामुळे त्याला अधिकारही नव्हते.

संस्था म्हणजे पूर्व दिल्लीत एका मिठाईच्या दुकानावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव अशा चारी दिशांना पांगलेल्या मराठी कुटुंबांची पत्त्यांसकट यादी ठेवायची, गणपती बसवायचे, कॅन्टोन्मेंटमध्ये बदलून आलेल्या जवानांच्या बायकांना शाळा-दवाखाने सांगायचे आणि वधू-वर केंद्र चालवायचं, हे आमचं काम. चार कंप्युटर, एक प्रिंटर, एक राउटर. पगारी माणूस एकच, त्या ताई. बाकी आम्ही सगळे हौशी.

काका तीस वर्षं या संस्थेचे सचिव होते. दोन वर्षांपूर्वी ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले, म्हणजे त्यांचं शरीर गेलं. जाण्यापूर्वी त्यांनी कुणाकडून तरी दुरून कंप्युटर चालवायचं सॉफ्टवेअर घालून घेतलं होतं. त्याला एक नऊ आकडी नंबर आणि एक पासवर्ड लागतो. ही जोडी ज्याच्याकडे असेल त्याने जगात कुठेही बसावं आणि आमचा स्क्रीन स्वतःचाच असल्यासारखा वापरावा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते इथे शब्दशः चाललं होतं, फक्त उंट पुण्यात होता. काका रोज अकराला 'यायचे', चहाचं विचारायचे, कुणाच्या फॉर्ममध्ये जन्मवेळ राहिलीय ते दाखवायचे आणि साडेबाराला "येतो" असं टाइप करून जायचे.

पासवर्ड होता गणपती, आणि पुढे संस्थेच्या स्थापनेचं साल. तो संस्थेच्या चारही माजी अध्यक्षांकडे होता. त्यातले एक लेकीकडे अमेरिकेत होते. मी म्हटलं, पदावरून उतरलेल्या माणसाकडे किल्ली कशाला? तर आत्ताचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, काढून कशी घ्यायची? त्यांना वाईट वाटेल." वायफायचा पासवर्ड सूचनाफलकावर गणपतीच्या फोटोशेजारी ताईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेला होता. मी तो बदलला. तिसऱ्या दिवशी नवा पासवर्ड त्याच फलकावर, या वेळी लाल शाईची चौकट आखून. "लोक विचारत राहतात ना," ताई म्हणाल्या, "किती वेळा सांगायचं?" खालच्या मिठाईवाल्याच्या सगळ्या कारागिरांना तो पाठ होता.

मी सभेत पंधरा मिनिटं बोलले. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं, राउटरच्या बुडाशी छापलेला कंपनीचा पासवर्ड बदलायला हवा, बाहेरून यायचं तर पासवर्डशिवाय फोनवर येणारा दुसरा आकडाही लागला पाहिजे, आणि कोण कधी आत आलं याची नोंद राहिली पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकांनी विचारलं, "पण मॅडम, आपल्याकडे असं आहे काय चोरण्यासारखं?" आणि विषय गणपतीच्या मंडपाकडे वळला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी डोळ्यांनी वाहताना पाहिलं.

खरं म्हणजे सुरक्षेची व्यवस्था आमच्या लोकांकडे होती, पण ती त्यांची स्वतःची. फोन आला की ताई आणि काका तीन प्रश्न विचारत. मूळ गाव कुठलं? शाळा कुठली, पहाडगंजची मराठी शाळा का? आणि तुम्ही कुणाचे कोण? दिल्लीच्या गर्दीत दिवसभर हिंदी बोलून आलेल्या माणसाला समोरून स्वच्छ मराठीत या तिन्हींची उत्तरं मिळाली की त्याचं मन एकदम सैल होतं. माझंही होतं, खोटं कशाला बोलू? करोल बागेत दुकानदाराशी घासाघीस करताना मागून कुणी "अहो, जास्त सांगतोय तो" म्हणालं, तर मी त्या बाईच्या हातात माझी पर्स धरायला देईन. उत्तरं जुळली की शेरा पडायचा, 'आपलाच आहे', आणि मग काहीही द्यायला हरकत नसायची.

त्या भाद्रपदात एक मुलगी फॉर्म भरायला आली. तिशीची असेल, शाळेत शिकवायची. जन्म, शिक्षण सगळं दिल्लीतलं. फॉर्म भरताना 'व्यंग' म्हणजे काय ते तिने मला विचारलं. मग ताई पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाली, "मावशी, एक बात क्लिअर करायची होती. माझा अ‍ॅड्रेस कुणाला दिसणार नाही ना?"

"का गं?"

"डिव्होर्स झालाय. पण तो मानत नाही. तीन घरं बदलली मी. हे चौथं आहे, गाझियाबादला. इथे त्याला अजून माहीत नाही." आणि मग हसून, "आता तर मी भिंतीत खिळे पण ठोकले. पहिल्यांदाच."

पत्त्याचा रकाना रिकामा ठेवला तर काकांनी बनवून घेतलेला तो फॉर्म पुढेच सरकायचा नाही. मला तिथे काहीही खोटं टाकता आलं असतं. ऑफिसचा पत्ता टाकता आला असता. सुचलं नाही. मी खरा पत्ता टाकला आणि म्हणाले, "बिल्कुल दिसणार नाही. मी बघते ना." ती एवढ्यावर निर्धास्त झाली. मराठी बाई आहे, वयाने मोठी आहे, कंप्युटरचं बघते, तिला आणखी काय हवं होतं? तिनेही मला मनातल्या मनात तेच तीन प्रश्न विचारून पास केलं असणार.

ती गेल्यावर मी कुणाला न विचारता कामाला लागले. ते सॉफ्टवेअर चारही मशीनवरून काढलं, राउटरचा पासवर्ड बदलला, बाहेरून यायची वाट बंद केली. वायफायचा नवा पासवर्ड ताईंनाही सांगितला नाही, तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दहा दिवस ऑफिसात खरोखरची शांतता होती. अकरा वाजता काहीच हलायचं नाही.

अकराव्या दिवशी काकांचा फोन आला. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ते म्हणाले, "अगं, इथे सकाळी सून कामाला जाते, मुलगा जातो, नातू जातो. मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. माझं जाणंयेणं तेवढंच राहिलंय. वार्षिक सभेपर्यंत तरी उघड."

मी उघडलं. सगळ्यांशी वाद घालून दमले होते, आणि तो इस्त्रीचा शर्ट माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. निदान नीट करावं म्हणून एकाच मशीनवर ठेवलं, पासवर्ड नवा दिला, फोनवर दुसरा आकडा येईल अशी सोय केली. पण तो आकडा तीस सेकंदांत बदलतो. काकांना मोतीबिंदू. ते चष्मा शोधेपर्यंत आकडा बदललेला. चार दिवस रोज अकराला मला फोन, "अगं, पुन्हा नाही म्हणतोय." पाचव्या दिवशी मी वैतागून ती दुसरी पायरी काढून टाकली. पुन्हा पुन्हा बजावलं, पासवर्ड कुणाला देऊ नका. "छे गं," ते म्हणाले, "मी काय खुळा आहे?" फॉर्मच्या फोल्डरला वेगळं कुलूप घालायचं माझ्या यादीत होतं. ते पुढच्या आठवड्यात करू, असं मी चार आठवडे म्हणत होते.

दिवाळी होऊन गेली होती. हवा अशी की खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. प्रिंटर बिघडला म्हणून मी खोकत खोकत ऑफिसात आले होते. अकरा वाजले आणि कर्सर हलला.

"काका आले," ताई म्हणाल्या, आणि सवयीने टाइप केलं, "नमस्कार काका."

उत्तर आलं नाही. कर्सरने नोटपॅड सरळ बंद केलं, वधू-वर केंद्राचं फोल्डर उघडलं आणि शोधायच्या चौकटीत एक आडनाव टाइप केलं. "आज घाईत दिसतात," ताई म्हणाल्या. "चहाचं पण नाही विचारलं."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवसाच्या चौकटीत ताईंनीच लिहून ठेवलं होतं, 'काका - डोळ्याचं ऑपरेशन.' मी पुण्याला फोन लावला. सून म्हणाली, "बाबा आत्ताच आत गेलेत. काही निरोप आहे का?"

मी धावत जाऊन राउटरची वायर उपटली. प्लगसकट सगळं हातात आलं. स्क्रीनवर फॉर्म उघडा होता. वर त्या मुलीचा फोटो, निळ्या कुर्त्यातला, आणि खाली पत्ता, घर नंबरापासून पिनकोडपर्यंत, मी स्वतः टाइप केलेला, एकही चूक नसलेला. कर्सर त्या ओळीवर थांबला होता.

ती वर्गात होती, फोन बंद. मी निरोप ठेवला. मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. कुणीतरी तुझा फॉर्म बघितलाय, कोण ते अजून कळत नाही, असं मी सांगितलं. आजच्या दिवस घरी जाऊ नकोस म्हटलं. ती फक्त "अच्छा" म्हणाली आणि घंटा झाली म्हणून फोन ठेवला.

दोन वाजता काका ऑपरेशन आटोपून फोनवर, डोळ्याला पट्टी, आवाजात उत्साह. "हो, दिला ना पासवर्ड. आठ दिवस मी बसणार नव्हतो, म्हटलं तूच बघ बाबा, ताईंना कशाला त्रास. चांगला मुलगा गं. परवा तासभर बोललो आम्ही. लग्न जमवायचंय म्हणाला. मी सगळं विचारलं. मूळचे साताऱ्याकडचे, शाळा पहाडगंजची, माझ्या ओळखीच्या मास्तरांच्या हाताखालचा. आई हिंदूराव हॉस्पिटलात नर्स होती. बिचारी गेली."

मी त्या मुलीला फोन केला आणि म्हटलं, "कुणीतरी मराठी माणूस आहे. त्याची आई हिंदूरावला नर्स होती म्हणे."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "हो. माझी सासू."

त्या माणसाने काकांना एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. गाव खरं, शाळा खरी, आई खरी. लग्न जमवायचंय हे तर त्याच्या दृष्टीने अगदीच खरं असेल. आमच्या परीक्षेत तो पैकीच्या पैकी मार्क मिळवून पास झाला होता. कशासाठी हवंय, हा चौथा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारतच नाही.

सामान काढायला तिला घरी जावंच लागणार होतं, म्हणून चार वाजता मी गाडी घेऊन तिथे गेले. तिने दोन बॅगा भरल्या होत्या. भिंतीवर पुस्तकांची एक छोटी फळी होती, तिने स्वतः ठोकलेली, थोडी तिरकी. मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले तर म्हणाली, "राहू दे ना मावशी. ह्याला टाइम नाही." वॉशिंग मशीन राहिलं, गॅस राहिला, ती फळी राहिली. गाडीत ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. उलट मैत्रिणीच्या घराशी उतरताना तिनेच मला "थँक यू" म्हटलं. मला इतका राग आला, की घरी येईपर्यंत मी मोठमोठ्याने हॉर्न वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारात गेला. घरमालकिणीशी हात जोडून, गोड बोलला म्हणे. मालकिणीनेच मुलीला फोन करून सांगितलं. मी पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी तक्रार दोनदा वाचली आणि विचारलं, "मैडम, चोरी क्या हुआ है?" मी म्हटलं, पत्ता. "पता तो आपके कंप्यूटर में अभी भी है ना?" मी म्हटलं, है. "तो फिर?" मी तासभर समजावत राहिले. शेवटी त्यांनी शिक्का मारून कागद दिला. कशासाठी ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

मग संस्थेची सभा झाली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा आमचा झोपा झटपट उभा राहिला. वेगळी लॉगिनं, वेगळी कुलुपं, माजी अध्यक्षांना पत्रं, बाहेरून येणं बंद, सगळं एकमताने मंजूर. मी महिनोन् महिने घसा कोरडा करून जे मागत होते ते वीस मिनिटांत मिळालं. वर अध्यक्षांनी माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला, प्रसंगावधान राखून वायर उपटल्याबद्दल. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ते दार बंद केलं होतं. मीच परत उघडलं. हे ठरावात लिहा." अध्यक्ष म्हणाले, "अहो, असं काय बोलता?" आणि ते काही लिहिलं नाही. काका व्हिडिओवर होते, काळा चष्मा लावून. सगळ्यांचं झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "पण मुलगा आपला वाटला हो." मी त्यांच्यावर ओरडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसावर, सगळ्यांदेखत. त्यांनी मान खाली घातली तेव्हा इस्त्रीच्या शर्टाची कॉलर दिसली, आणि माझा राग जो काही फिरला तो सरळ माझ्यावर.

आता त्या कोपऱ्यातल्या मशीनचा कर्सर हलत नाही. काका अकराला फोन करतात आणि ताईंना चहाचं विचारतात. फलकावर वायफायचा पासवर्ड नाही. पण मागच्या महिन्यात ताईंनी तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेला मला सापडला. मी तो फाडला, त्या रुसल्या. हे असंच चालणार.

फाल्गुनात त्या मुलीचा फोन आला, नव्या नंबरावरून. शाळा बदलली होती, शहर बदललं होतं. आवाज बरा होता. मी विचारलं, जेवतेस ना नीट, कुणी सोबत आहे का. मग माझ्या तोंडून सवयीने गेलंच, "आता कुठे असतेस गं?"

"मावशी, राग मानू नका हं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही सांगू शकत."

मी तिला काय काय सांगणार होते. सगळं बदललंय, आता नोंद राहते, फोल्डरला कुलूप आहे, मी बघते ना.

"नकोच सांगूस," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी तिचा फॉर्म काढून टाकला.